'डिशमधल्या पेशींवर' एवढं तरी बातमीत लिहा
संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात 'पानांच्या अर्कातून कॅन्सरवर औषध' अशी बातमी आली, म्हणजे पानांचा अर्क वापरून केलेल्या चांदीच्या बारीक कणांनी लॅबमधल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या अशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू ते कात्रण घेऊन दारात उभ्या. त्यांच्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर आहे, केमोची तिसरी सायकल झालीय, उलट्यांनी पार बेजार झालीय बिचारी, आणि काकूंना एवढंच विचारायचं होतं की हा पाला चांदीच्या भांड्यात उकळून दिला तर केमो थांबवता येईल का. मी कॉलेजात बायोटेकच्या लॅबमध्ये १४ वर्षं असिस्टंट आहे, हेच प्रयोग मुलांबरोबर कितीदा केलेत, त्यामुळे राहवलं नाही.

होतं काय, तर पानं धुवून उकळायची, गाळायची, तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात घालायचा. फ्लास्क आधी फिकट पिवळा असतो, मग बघता बघता कोऱ्या चहासारखा होतो, म्हणजे चांदीचे कण तयार झाले, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही बारीक. घातक केमिकल्स कमी लागतात हा खरा फायदा. आपल्या पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) शास्त्रज्ञांनी २००४ साली कडुनिंबाच्या पाल्यापासून असे चांदीचे आणि सोन्याचे कण केल्याचं छापून आलं, त्याचा मला अभिमानच आहे.

पण पुढचं नीट सांगायला हवं ना. एमसीएफ-७ नावाच्या कॅन्सरच्या पेशी असतात, १९७० साली अमेरिकेतल्या एका ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या, त्याच अजून वाढवतात. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये त्या ठेवायच्या, वर हे कण घालायचे, आणि नंतर एमटीटी टेस्टमध्ये, म्हणजे जिवंत पेशींमुळे जांभळा रंग येतो त्या टेस्टमध्ये, तो रंग फिका आला की पेशी मेल्या किंवा मंदावल्या असं धरतात. तिथे ना लिव्हर असतं ना किडनी, ना रक्त. शरीरात हे कण लिव्हरमध्ये, प्लीहेत साठतात, आणि डोस वाढला की चांदी निरोगी पेशींनाही सोडत नाही. चांदी फार दिवस पोटात जात राहिली तर कातडी निळसर करडी पडते, तो रंग सहसा जातच नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, १९९९ सालीच सांगितलंय की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी कोलॉइडल सिल्व्हरची (द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या बारीक कणांची) औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत.

झाडपाल्याला माझा विरोध नाही हो. सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध मिळालं, ब्लड कॅन्सर झालेल्या लहान मुलांना आजही देतात, पण ते शुद्ध करून, डोस ठरवून, पेशंटवर ट्रायल झाल्यावर.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी हेडिंगमध्येच 'लॅबमधल्या पेशींवर' असं येऊ दे, निरोगी पेशींवर, प्राण्यांवर, माणसांवर तपासलं का ते विचारून छापा, आणि चालू ट्रीटमेंट सोडू नका ही एक ओळ खाली टाका, जागा किती लागते तिला.

काकूंच्या बहिणीची पुढची केमो गुरुवारी आहे. कात्रण डॉक्टरांनाच दाखवू म्हटलंय, मीही सोबत जातोय.

आपला नेहमीचा वाचक,
पुणे