आलेला अ‍ॅडव्हान्स अजून तुझा नाही

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कोटेशन आणि त्या कंपनीचं पत्र, दोन्ही नीट वाचलं. कार्यक्रमाच्या आयोजनाचं एवढं मोठं काम आपणहून तुझ्याकडे चालून आलं, याचा मला आणि तुझ्या आईला फार आनंद आहे. काम घेऊ का, असं तू विचारलंस. घे. पण त्यांनी पुढे केलेल्या अटींवर घेऊ नकोस. का, ते फोनवर सांगायला लागलो तर आकड्यांचा गोंधळ होईल, म्हणून लिहायला बसलो.

मी हा धंदा तुझ्या बाजूने कधी केला नाही. साउंड आणि लाइट भाड्याने देण्यात माझी हयात गेली. तुम्ही आयोजक ज्याला व्हेंडर म्हणता, तो मी. पार्टीशी, म्हणजे काम देणाऱ्याशी, बोलणं, कल्पना मांडणं, समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखणं, यातलं तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पण कार्यक्रम संपला, टेम्पो भरला, की पुढे पैशांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

एक आयोजक होता. कामाचा माणूस. त्याच्याकडे बुकिंगची रीघ लागलेली असायची आणि माझी बिलं मात्र महिनोन्‌महिने थकायची. तो लबाड नव्हता, हे मी आजही सांगतो. तो नव्या पार्टीचा अ‍ॅडव्हान्स आला की त्यातून जुन्या कार्यक्रमाची देणी भागवायचा. बुकिंग येत होती तोवर गाडी चालत राहिली. एका मंद हंगामात नवे अ‍ॅडव्हान्स आटले आणि त्याच दिवशी सगळं बंद पडलं. ज्यांचे कार्यक्रम व्हायचे होते त्यांचे पैसे गेले आणि आमच्यासारख्यांची थकबाकी बुडाली. हिशेबाच्या वहीत त्याला तोटा कधी दिसलाच नसेल, कारण बँकेत पैसे कायम होते. फक्त ते त्याचे नव्हते.

हेच मला तुला सांगायचं आहे. पार्टीने दिलेला अ‍ॅडव्हान्स कार्यक्रम होईपर्यंत तुझी कमाई नसतो. जमाखर्च लिहिणारे तो देण्याच्या बाजूला लिहितात आणि ते बरोबर आहे. त्यातला मोठा वाटा तर कार्यक्रम झाल्यावरही तुझा नसतो. तो हॉलवाल्याचा, केटरिंगवाल्याचा, स्टेजवर खिळे ठोकणाऱ्यांचा असतो.

आता तुझ्या कंपनीचं पत्र बघ. करारावर सही होताना ३० टक्के आणि उरलेले ७० टक्के बिल मिळाल्यापासून ६० दिवसांत. सोयीसाठी काम १०० चं धरू. त्यातले ८० बाहेर जायचे, २० तुझ्याकडे राहायचे. हॉल, केटरिंग, स्टेज, साउंड हे सगळे बुकिंगला निम्मे मागतात, म्हणजे पहिल्याच आठवड्यात तुला ४० द्यावे लागतील आणि हातात असतील ३०. कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत उरलेले ४० गेले. आले ३०, गेले ८०. म्हणजे ५० चा खड्डा, आणि तो त्या दिवशी बुजत नाही. बिल पोचायचं, कुणीतरी त्यावर सही करायची, मग ६० दिवस मोजायचे. तीन महिने सहज जातात. तेवढे दिवस एका मोठ्या कंपनीला बिनव्याजी उधार कोण देतंय? तू देते आहेस. आणि तुझ्याकडे एवढे पैसे नाहीत हे मला माहीत आहे, म्हणजे ते दुसऱ्या दोन पार्ट्यांच्या अ‍ॅडव्हान्समधून येणार. त्यातली एक पार्टी उद्या नको म्हणाली, तर तिला परत द्यायला काय आहे?

यावर उपाय आहे आणि तो मागायला लाजू नकोस. सहीच्या दिवशी ५०, कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी ४०, आणि कार्यक्रम झाल्यावर सात दिवसांत १०. हे गणित मांडून बघ. सहीला ५० आले, ४० गेले. कार्यक्रमाआधी एकूण ९० आलेले असतील आणि ८० गेलेले. शेवटचे १० अडकले तरी तुझा निम्मा नफा लांबेल, पण कुणा तिसऱ्याचे पैसे बुडणार नाहीत. कंपनीच्या खरेदी विभागाला कदाचित हे चालणार नाही. त्यांचे नियम ठरलेले असतात आणि समोर बसलेल्या माणसाला ते बदलण्याचा अधिकारही नसतो, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. मग दुसरा मार्ग सुचव. हॉल आणि जेवण यांचा करार कंपनीने थेट करावा, त्यांची बिलं थेट कंपनीच्या नावाने निघावीत, देखरेख तू करावीस. हे दोन मिळून ८० तले ५० असतात असं धर. तुझं काम मग ५० चं उरतं, बाहेर जायचे ३०. निम्मी रक्कम, म्हणजे २५, आधी मिळाली तरी खड्डा ५ चाच, आणि तेवढा तुझा तू भरू शकतेस. उलाढालीचा आकडा लहान दिसेल. दिसू दे.

हेही जमत नाही म्हणाले, तर मात्र नमस्कार करून उठ. मोठ्या नावासाठी घेतलेल्या उधारीच्या कामांनी छोटे आयोजक जितके बुडालेले मी पाहिले, तितके काम न मिळाल्याने बुडालेले पाहिले नाहीत.

बँकेत आजच दुसरं खातं उघड. पार्ट्यांचे पैसे त्यात. प्रत्येक कार्यक्रम पार पडला आणि सगळ्या व्हेंडरांची बिलं चुकती झाली, की उरलेली रक्कम तुझ्या खात्यावर वळव. घरभाडं, तुझ्या मदतनिसाचा पगार, नवा लॅपटॉप, सगळं फक्त तुझ्या खात्यातून. सुरुवातीला हात बांधल्यासारखे वाटतील, पण धंदा खरोखर किती चालतोय ते पहिल्यांदा स्वच्छ दिसेल.

आता कोटेशनबद्दल. वर मी सोपं जावं म्हणून १०० धरले, पण तू खर्चावर २० टक्के चढवतेस. ८० वर २० टक्के म्हणजे १६, एकूण ९६. तुझ्या मनात विक्रीचा पाचवा हिस्सा आपला आहे आणि प्रत्यक्षात सहावा हातात येतो. पाचवा हवा असेल तर खर्चावर २५ टक्के लाव. शिवाय त्या १६ मधून प्रवास, फोन, मदतनीस आणि कर गेले की तुझ्या स्वतःच्या श्रमाला काय उरतं? गेल्या वेळी त्या वर्धापनदिनाच्या कामात पार्टीशी किती बैठका झाल्या, किती वेळा आराखडा बदलला, याची कुठेच नोंद नव्हती. पुढच्या कामात तास लिहून ठेव. किती बैठका आणि किती बदल किमतीत धरलेले आहेत ते कोटेशनमध्येच लिही, आणि पाहुणे वाढले, स्टेज मोठं झालं, वेळ लांबली, तर काम करण्याआधी वाढीव रक्कम लेखी कळवून होकार घे. कार्यक्रमानंतर मागितलेले वाढीव पैसे म्हणजे भांडण.

रद्द करण्याच्या अटी तुझ्या करारात एका ओळीत आटपल्या आहेत, ते मला आवडलं नाही. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक महासाथ म्हटलं आणि बघता बघता जगभरचे कार्यक्रम थांबले. २४ मार्चला टोकियोचं ऑलिंपिक पुढे ढकलल्याची घोषणा झाली. ते २३ जुलै २०२१ ला सुरू झालं, नाव मात्र टोकियो २०२० हेच ठेवलं. इतक्या मोठ्या आयोजनाची ही गत, तर आपण कोण! त्या दिवसांत आमच्या धंद्यातले जे तगले, त्यांच्या करारात ‘रद्द’ आणि ‘पुढे ढकलला’ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पुढे ढकलला तर भरलेली रक्कम नव्या तारखेला लागू, नवी तारीख किती दिवसांत ठरवायची, व्हेंडरने दर वाढवले तर फरक कुणी सोसायचा. आणि पार्टीने आपल्या मर्जीने रद्द केला, तर तारीख जितकी जवळ तितका परतावा कमी. हे सगळं सुटं सुटं लिही. व्हेंडरांशी होणाऱ्या करारातही त्याच अटी हव्यात, नाहीतर पार्टीला तू परत करणार आणि हॉलवाला तुला परत देणार नाही. करार एकदा वकिलाला दाखव. ती फी वाया जात नाही.

व्हेंडरांबद्दल मी बोलायला लागलो तर थांबणार नाही, पण एकच सांगतो. आम्ही आयोजकाला दोन गोष्टींवरून ओळखतो. एक, पैसे बोलल्या दिवशी देतो का. दुसरी, सेटअपला वेळ देतो का. तुझ्या कोटेशनबरोबर जो वेळेचा तक्ता आहे, त्यात सकाळी सहाला सगळ्यांना एकदम बोलावलंयस. तसं करू नकोस. आधी वरची कामं व्हायला हवीत, ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा) आणि लाइट, कारण त्या वेळी खालची जमीन मोकळी लागते. मग स्टेज, मग साउंड, मग गालिचा आणि खुर्च्या, फुलं सगळ्यात शेवटी. खुर्च्या आधी मांडल्या की काय होतं ते मी सांगतो. एक लाइट तिरका आहे, तो फिरवायला शिडी हवी, शिडीला जागा नाही, मग चार रांगा उचला, त्यांची कव्हरं चुरगळली, डेकोरेशनवाला चिडला, आणि एका दिव्यापायी अर्धा तास गेला. साउंडचेकला तर शांतता लागते, शेजारी हातोडा चालू असून भागत नाही. तक्ता उलटा लिहायला घे. पहिला पाहुणा किती वाजता दारात येईल तिथून मागे मागे येत जा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर थोडी मोकळी वेळ सोड.

जनरेटर मागवताना आकडा विचारून घे. त्यावर केव्हीए, म्हणजे त्याची एकूण क्षमता, लिहिलेलं असतं, आणि वापरायला मिळणारे किलोवॉट साधारण त्याच्या ०.८ पट. म्हणजे ६२.५ केव्हीएचा जनरेटर ५० किलोवॉटचा, आणि तोही काठोकाठ चालवायचा नाही, लोड ४० च्या आसपास राहू दे. प्रत्येक व्हेंडरकडून त्याचा लोड लेखी माग. सगळ्यात जास्त विसरला जातो तो केटरिंगवाल्यांचा पाण्याचा हीटर. एकच हीटर ३ किलोवॉट खातो, आणि तो कुणीतरी नेमका जवळ दिसला म्हणून साउंडच्या बोर्डावर लावतो. मग भाषणाच्या ऐन मध्यात माइक बंद. केटरिंगची लाइन वेगळी, साउंडची वेगळी, आणि साउंडच्या बोर्डाशी एक माणूस उभा.

दारांपुढे कधीही डेकोरेशन येऊ देऊ नकोस, कितीही सुंदर दिसत असलं तरी. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या हव्यात म्हणजे हव्यात. दर चौरस मीटरला चार-पाच माणसांच्या पुढे गर्दी गेली की धोका झपाट्याने वाढतो, म्हणून स्टेजपुढची जागा मोजून घे आणि किती माणसं सोडायची ते आधी ठरव. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर तंबूवाल्याला विचार, किती वाऱ्यापर्यंत त्याचा तंबू टिकतो. कार्यक्रम थांबवायचा निर्णय कुणी घ्यायचा, त्या माणसाचं पद करारात लिही. वारा सुटल्यावर पार्टीशी चर्चा करत बसायला वेळ नसतो.

काम करणाऱ्या पोरांचे पैसे त्याच रात्री दे, टेम्पो निघायच्या आत. त्यांच्या जेवणाची वेळही तक्त्यात लिही. त्या पोरांची सोय मी आजवर फार थोड्या तक्त्यांत पाहिली आहे, आणि ज्या आयोजकांच्या तक्त्यात ती होती त्यांच्यासाठी आम्ही पावसात भिजत काम केलंय.

तू हे काम उत्तम करशील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणून तर पैशांच्या अटींवर एवढा अडून बसलोय. कंपनीला उत्तर पाठवण्याआधी मसुदा मला पाठव, हप्त्यांच्या तारखा आपण दोघं मिळून एकदा तपासू. साउंडचं कोटेशन ज्याच्याकडून घेतलंयस त्याचाही कागद जोड. त्यात मागच्या रांगांसाठीचे स्पीकर दिसत नाहीत आणि तेवढ्या लांब हॉलमध्ये ते लागतील.

तुझा,
बाबा