डब्याखालची चिठ्ठी

चि. गार्गी,
अनेक आशीर्वाद.

रात्री तू येतेस तेव्हा मी झोपलेला असतो, सकाळी मी भोसरीला निघतो तेव्हा तू. म्हणून हे लिहून डब्याखाली ठेवतोय.

परवा जेवताना तुमच्या कचऱ्याच्या ॲपबद्दल सांगत होतीस. चौघंही एकाच कॉलेजची, चौघंही कोथरूडची, आणि म्हणता अडकलोय. अडकणारच की! एकाला जे दिसत नाही, ते बाकीच्या तिघांनाही दिसत नसणार.

वर्कशॉप नवीन होतं तेव्हाची गोष्ट. डाव्या-उजव्या ब्रॅकेटची वेल्डिंगला सारखी अदलाबदल व्हायची. रंगाचे ठिपके लावले, ते जळून जायचे. एकदा पँट आखूड करायला गेलो, तर आपले टेलरकाका बाहीच्या कडेला कात्रीने बारीक चीर देत होते. पुढच्या बाजूला एक, मागच्या बाजूला दोन. "म्हणजे शिवताना बाही उलटी लागत नाही." दुसऱ्या दिवसापासून आम्ही पत्रा कापतानाच ग्राइंडरने खाच मारायला लागलो. डाव्याला एक, उजव्याला दोन. भानगड मिटली. (पँट तिथेच विसरलो, ती आईने आणली.)

तुझ्याच विषयातलं बघ. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात काही कार्यकर्त्यांची कचरावेचक बायकांशी ओळख झाली. हमालांची संघटना बांधलेले बाबा आढाव त्यांच्या सोबत होते. त्यातून 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे 2008 साली 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. कचराकुंडीत वाकणारी बाई ओळखपत्र लावून जिना चढू लागली. प्राध्यापक, हमाल आणि कचरावेचक एरवी एका सतरंजीवर कधी बसले असते?

तुमच्या ॲपमध्ये ओला आणि सुका अशी दोनच बटणं आहेत ना? आपल्याकडे येणाऱ्या मावशींना मी जिन्यात गाठून विचारलं. त्या सुक्याचेच सात-आठ ढीग करतात. दुधाच्या पिशवीचा भाव वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा, आणि वेफर्सचं चकचकीत पाकीट भंगारवाला हातात धरत नाही. शिवाय दिवसभर त्यांचा फोन त्यांच्या लेकाकडे असतो. हे तुमच्या चौघांपैकी कुणाला ठाऊक होतं?

उद्या त्या साडेसातला येतील. उठ. मावशी बिनसाखरेचा चहा घेतात, आईला सांगून ठेवलंय. तुझा कपही मांडायला सांगितलाय.

तुझा,
बाबा