बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

बर्लिन, ४ ऑक्टोबर

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

काल इथे सुट्टी होती. ३ ऑक्टोबर, दोन्ही जर्मनी १९९० साली एक झाल्या तो दिवस. बेर्नाउअर रस्त्यावर जाऊन आले. या रस्त्यावरची एका बाजूची घरं पूर्व बर्लिनची आणि दारापुढचा फूटपाथ पश्चिम बर्लिनचा होता. ऑगस्ट १९६१ मध्ये वाटा बंद झाल्या तेव्हा माणसांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. बर्लिनची भिंत होती तिथे आता गंजलेल्या लोखंडी सळया रोवल्यात, आणि त्यांच्यामधून पोरं आरपार पळत होती. आई, मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिले.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "पूर्व जर्मनीचं एवढं राज्य मोडलं आणि गोळी कशी सुटली नाही?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या. तिथल्या सरकारविरुद्धच्या ९ ऑक्टोबर १९८९ च्या मोर्चात त्या होत्या, लेकराला आईकडे ठेवून गेल्या होत्या. सत्तर हजारांच्या आसपास माणसं, हातात मेणबत्त्या. त्या दिवशी गोळीबार होणार असं सगळं शहर धरून चाललं होतं. १९५३ मध्ये रशियन रणगाड्यांनी कामगारांचा उठाव चिरडला होता, तो कोण विसरणार? या वेळी मात्र सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी सैन्य छावणीतच ठेवलं. आजी म्हणाल्या, ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा लागतो, मग दगड उचलायला हात उरतोच कुठे! मेण बोटांवर ओघळत होतं. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला पोलीस त्यांच्या धाकट्या भावाच्या वयाचा होता. त्याचेही हात थरथरत होते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

महिन्याभरात, ९ नोव्हेंबरला भिंत उघडली. आणि वर्षही झालं नव्हतं तोवर, १२ सप्टेंबर १९९० ला, मॉस्कोत दोन्ही जर्मनींनी दुसऱ्या महायुद्धातल्या चार विजेत्या देशांसोबत एकीकरणाच्या करारावर सह्या केल्या.

पुढचं सोपं नव्हतं. आजींचा कारखाना बंद पडला, चार वर्षं हाताला काम नव्हतं. ते सांगताना त्यांचा आवाज अजून कडवट होतो. तरी त्या मोर्चाबद्दल त्यांना कधी पस्तावा झालेला नाही, आणि त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

रविवारी फोन करते तेव्हा त्यांना शेजारी बसवीन. बाबा, तुमचा प्रश्न तुम्हीच त्यांना विचारा, मी मध्ये बसून सांगेन.

तुमची,
सोनू