शाई गळते म्हणून पेनावर बंदी कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

येत्या जूनपासून सुरू होणाऱ्या शैक्षणिक वर्षासाठी आमच्या भागातील एका शाळेने पालकांना जे सूचनापत्र धाडले आहे, त्यात गणवेश आणि वह्यांच्या यादीखाली ‘शाईचे पेन आणू नये’ अशी एक ओळ आहे. चौकशी केली तेव्हा, मुलांची बोटे बरबटतात, बाके डागाळतात आणि पांढऱ्या सदऱ्यांची वाट लागते, असे उत्तर मिळाले. तक्रार खोटी नाही, पण बंदी पटत नाही. हयातभर शाईच्या पेनाने दस्त लिहिलेल्या माणसाला या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा असे समजून हे पत्र लिहीत आहे.

पेनातून शाई खाली उतरते, ती तिच्या जागी तेवढीच हवा वर गेली तरच. निबेखालच्या जिभेला ज्या बारीक खाचा असतात, त्या हीच देवघेव सांभाळतात. अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी 1884 साली पेटंट घेतले ते अशाच खाचांच्या जिभेचे. बिघडते ते आत साठलेल्या हवेमुळे. ड्रॉपरने भरायच्या साध्या पेनात समजा 3 मिलिलिटर शाई मावते. ती निम्मी संपली की आत दीड मिलिलिटर हवा असते. माघातल्या सकाळी 20 अंशांवर असलेले पेन मुलाच्या मुठीत 30 अंशांपर्यंत तापले, तर ही हवा तीन टक्क्यांहून थोडी अधिक फुगते आणि सुमारे 0.05 मिलिलिटर शाई बाहेर ढकलते. हा हिशेब जवळजवळ एका थेंबाचा होतो, आणि वहीवर टपकतो तोही एकच थेंब. पेन काठोकाठ भरले तर जास्त गळेल, या भीतीने मुले ते अर्धेच भरतात. प्रत्यक्षात भरलेल्या पेनात फुगायला हवाच नसते, आणि ओकते ते रिकामे होत आलेले पेन.

आपल्याकडून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणाऱ्यांना याचा दुसरा नमुना ठाऊक असेल. किनाऱ्यावरून सहाशे मीटर वर चढेपर्यंत हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी उतरतो आणि पेनातली हवा त्या मानाने पसरते. निब वर करून खिशाला लावलेल्या पेनातून ती हवा निमूट निघून जाते. पिशवीत आडव्या पडलेल्या पेनातून मात्र ती आपल्यापुढची शाई टोपणात लोटते, आणि घाटाखालच्या साखरप्याला कोरडे असलेले पेन घाटावरच्या मलकापूरला उघडले की दोन बोटे निळी होतात. खड्ड्यांतल्या हिसक्यांनीही हेच घडते. पण रस्त्यांविषयी आपल्या पत्रसदरात पुरेसे छापून आले आहे.

बोटे माखतात ती बहुतेक वेळा निबेमुळे नव्हे, तर टोपणामुळे, आणि याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. एकदा टोपणात शाई उतरली की पुढे प्रत्येक वेळी पेन बंद करताना ती पकडायच्या जागेला लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की ती तिथे वाळतही नाही. निब कितीही पुसली तरी उपयोग होत नाही. टोपण साध्या पाण्याने धुवावे, जुन्या धोतराची चिंधी पिळून आत फिरवावी, आणि पेन उघडताना टोपण हिसका देऊन ओढू नये, कारण त्या ओढीने आत पोकळी होऊन निबेतली शाई बाहेर खेचली जाते. आट्यांतून शाई पाझरत असेल तर तिथे सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. व्हॅसलीन लावण्याची पद्धत आहे, पण ते रबराला मानवत नाही. पेन गरम पाण्याने धुण्याचा मोहही टाळावा. एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची जीभ त्याने वाकते.

राहता राहिले डाग. शाळेत वापरतात ती साधी निळी शाई ताजी असताना साबण-पाण्याने बहुतांशी निघते. आम्ही दस्तांना वापरत होतो त्या लोहयुक्त निळ्या-काळ्या शाईचे मात्र तसे नाही: साबणाने तिचा निळा रंग जातो आणि मागे गंजासारखा पिवळट डाग राहतो, कारण तो लोखंडाचाच असतो. त्यावर आपल्या परसातले बिंबल हे आंबट फळ चोळावे. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि ते लोखंड सोडवून घेते. कपड्यावरचे गंजाचे डाग काढायला कोकणातल्या बायका ते पूर्वापार वापरत आल्या आहेत. बिंबल आधी लावावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि साबण त्यानंतरच लावावा. बोटांवरच्या डागांसाठी एवढे काही करू नये, ते दोन-तीन दिवसांत आपोआप जातात. ब्लीचिंग पावडर तर मुलांच्या हातांना मुळीच लावू नये.

एवढे सगळे शिकवायला चित्रकलेचा एक तास पुरतो. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरावीत, एक बादली पाणी ठेवावे आणि मुलांकडून पेन उघडून, धुऊन, भरून घ्यावे. गावातल्या स्टेशनरी दुकानदारांनीही नुसती पेने न विकता सुट्या निबा, जिभा आणि टीपकागद ठेवावेत. आज टीपकागद मागितला तर विक्रेता चेहऱ्याकडे पाहत राहतो. संबंधित शाळेला माझी विनंती एवढीच आहे की, सूचनापत्रातली ती ओळ काढून तिच्या जागी ‘शाईचे पेन घरून पूर्ण भरून आणावे, सोबत एक सुती चिंधी द्यावी’ अशी ओळ घालावी. सूचनापत्रे पुन्हा छापायला जूनपर्यंत वेळ आहे.

आपला,
एक जुना दस्तलेखक, रत्नागिरी