‘एका दिवसात पक्के दात’ आणि फलकावर नसलेला मजकूर

संपादक महोदय,

सांगली-मिरज रस्त्यावर आणि आता तालुक्याच्या गावांतही ‘एका दिवसात पक्के दात’ असे फलक झळकू लागले आहेत. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर दात) हा चांगला पर्याय आहे, याबद्दल वाद नाही. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाड टायटॅनियमला थेट घट्ट धरते, यावरच ही सगळी पद्धत उभी आहे. मात्र त्या धरण्याला वेळ लागतो: खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या भुसभुशीत हाडात चार ते सहा.

त्याच दिवशी दात बसवता येतो, पण तो तात्पुरता. तेही स्क्रू सुरुवातीलाच ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या (हे पिळण्याच्या जोराचे माप) आसपास घट्ट बसला असेल तर, आणि बहुधा पुढच्या दातांपुरतेच, चावताना समोरचा दात त्याला लागणार नाही अशा बेताने. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुने हाड झिजलेले असते आणि नवे पुरते भरलेले नसते. नेमके तेव्हा काही दुखत नाही म्हणून माणूस ऊस सोलायला बसतो. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाइतका जरी हलत राहिला, तरी भोवती हाडाऐवजी मऊ तंतू भरतात आणि तो काढावाच लागतो.

दुसरा प्रश्न हाडाचा. दाढ काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी वर्षभरात निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला दोन्ही बाजूंनी किमान दीड मिलिमीटर हाड हवे, म्हणजे सात मिलिमीटर रुंदी. खालच्या जबड्यातल्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर सुटले नाही तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते. वर मागच्या बाजूला सायनसची पोकळी आड येते. साध्या एक्स-रेत रुंदी दिसत नाही. म्हणून त्या जागेचा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन न काढता ‘हाड भरपूर आहे’ असे कोणी सांगितले तर थांबावे. दाढ काढतानाच पुढचा विचार केला, तर नंतर कृत्रिम हाड भरण्याचा खर्च पुष्कळदा वाचतो.

आपल्या भागात तंबाखू आणि मिश्री हा वेगळाच अडसर आहे. दोन्हींमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम रेंगाळते. सुपारी-गुटख्याने तोंड तीन बोटे उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचतच नाही. मधुमेह असला म्हणून इम्प्लांट वर्ज्य नाही, पण एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आठच्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन घेतलेल्या महिला ही गोष्ट हमखास सांगायच्या राहतात, कारण ती रोजची गोळी नसते. या औषधाने जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो, तेव्हा न विचारताही सांगावे.

प्रत्येकाला इम्प्लांटच हवा असेही नाही. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज (त्या दोन दातांच्या आधाराने मधला दात) पुरतो. खालचे सगळे दात गेलेल्या आजी-आजोबांना सहा-आठ स्क्रूंचे अंदाजपत्रक दिले जाते. प्रत्यक्षात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी बसणारी कवळी एवढ्यावर बहुतेकांचे जेवण नीट होते. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही अशा खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय ठरवला होता. शंका असेल तर सांगलीतील भारती विद्यापीठाच्या किंवा कवलापूरच्या वसंतदादा पाटील दंत महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे.

बसवल्यानंतरचे एक ध्यानात ठेवावे. नैसर्गिक दाताभोवती असतो तो तंतूंचा पडदा इम्प्लांटला नसतो, त्यामुळे आत पू झाला तरी ठणका लागत नाही. ब्रश करताना त्याच जागी रक्त येणे हीच पहिली सूचना. कॅप सिमेंटने चिकटवली असेल आणि हिरडीखाली सिमेंटचा कण राहिला असेल, तर अशी सूज हटत नाही. शक्य तिथे स्क्रूने बसणारी कॅप मागावी.

आता पैशाचे. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा नुसत्या हाडातल्या स्क्रूचा असतो. अबटमेंट (स्क्रू आणि कॅप यांना जोडणारा भाग), कॅप, स्कॅन, हाड भरणे यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. शिवाय इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचे नाव, जाडी-लांबी आणि लॉट क्रमांकाचा स्टिकर असतो, तो आपल्या फाइलमध्ये चिकटवून घ्यावा. काही वर्षांनी आतला बारीक स्क्रू सैल होतो, कॅप डुलू लागते. दुरुस्ती मिनिटांची असते, पण अनेक कंपन्यांचा पेचकस आणि सुटे भाग एकमेकांना चालत नाहीत. कंपनीच ठाऊक नसेल तर चांगली कॅप फोडून सगळे नव्याने करावे लागते. सर्व दवाखान्यांनी हा स्टिकर आणि तपशीलवार अंदाजपत्रक न मागता द्यावे, आणि ते द्यायला खळखळ होत असेल तिथे रुग्णाने पहिला हप्ता भरू नये.

– काही दंतवैद्य, सांगली