रोलकॉलचा प्रयोग कर्सरपाशीच का थांबतो?

महोदय,

डेटाबेसच्या प्रयोगवहीत एक प्रयोग वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. जुना रोलकॉल आणि नवा रोलकॉल अशी हजेरीपटाची दोन टेबले. नव्यातल्या ओळी जुन्यात भरायच्या, आधीपासून असतील त्या सोडायच्या, आणि हे सगळे पीएल-एसक्यूएलमध्ये (ओरॅकल डेटाबेसच्या प्रोग्रामिंग भाषेत) कर्सर, म्हणजे टेबलातली एकेक ओळ हाताशी देणारी सोय, फिरवून करायचे. कर्सर समजायला प्रयोग उत्तम आहे. पण मुले तिथेच थांबतात आणि मुलाखत जवळ आली की ‘ओरॅकलच्या कुठल्या आवृत्तीत काय नवे’ याच्या याद्या घोकतात. त्यापेक्षा हाच प्रयोग घेऊन त्यावर एकेक सोय चालवून पाहावी.

आधी नव्या टेबलात लाखभर ओळी हव्यात. ड्युअल या ओरॅकलच्या एका ओळीच्या तयार टेबलावर ‘कनेक्ट बाय लेव्हल’ (हव्या तितक्या ओळी काढणारे कलम) लावून त्या एका इन्सर्टमध्ये तयार होतात. पंधरा-वीस ओळींवर चांगला आणि वाईट कोड सारखाच पळतो. मग ‘सेट टायमिंग ऑन’ करून (म्हणजे लागलेला वेळ दिसतो) मूळ कर्सरवाला ब्लॉक चालवावा. १०जी आवृत्तीपासून कर्सर फॉर लूप आतल्या आत एका वेळी शंभर ओळी उचलतो, त्यामुळे वाचन तितके महाग पडत नाही. खरा वेळ जातो तो लूपमधल्या तपासणीच्या सिलेक्टमध्ये आणि एकेका इन्सर्टमध्ये, कारण प्रत्येक वेळी पीएल-एसक्यूएलमधून टेबलांवरच्या आज्ञा चालवणाऱ्या एसक्यूएल इंजिनाकडे खेप मारावी लागते.

आता तेच काम ‘मर्ज’ने, म्हणजे दोन टेबले जुळवून ओळी भरणाऱ्या एकाच एसक्यूएल आज्ञेने. मर्ज २००१ मध्ये ९आयबरोबर आले, तेव्हा जुळले तर काय आणि न जुळले तर काय ही दोन्ही कलमे लिहावीच लागत. १०जीपासून ‘व्हेन नॉट मॅच्ड’ एकटे चालते, म्हणजे अख्खा प्रयोग चार-पाच ओळींत बसतो. मात्र इथे एक खाच आहे. नव्या टेबलात एकच रोल नंबर दोनदा असेल, तर कर्सरवाला प्रोग्राम दुसऱ्या वेळी आपणच घातलेली ओळ पाहतो आणि ती सोडतो. मर्ज सुरुवातीलाच जुळणी करते. तिला दोन्ही ओळी ‘न जुळलेल्या’ दिसतात आणि ती दोन्ही घालायला जाते. रोल नंबरवर प्रायमरी की (दुबार नोंद अडवणारी अट) असेल तर ओरा-००००१ ही दुबार नोंदीची एरर येऊन सगळेच मागे फिरते. की नसेल तर मुलगा गुपचूप दोनदा नोंदला जातो. कोड छोटा झाला, पण अर्थ बदलला. आधी सोर्समधल्या, म्हणजे नव्या टेबलातल्या, दुबार ओळी काढायच्या आणि मगच मर्ज करायची.

जिथे प्रत्येक ओळीवर खरेच प्रक्रिया करायची असते, तिथे ‘बल्क कलेक्ट’ (ओळी गठ्ठ्याने वाचणे) आणि ‘फोरऑल’ (गठ्ठ्याने लिहिणे) लागतात. हे १९९९च्या ८आयपासून आहे. ‘नवे’ म्हणावे असे त्यात काही उरलेले नाही, तरी वर्गात ते क्वचितच पोहोचते. यातली नेहमीची चूक अशी: लिमिट, म्हणजे गठ्ठ्याचा आकार, १०० ठेवायचे आणि फेचच्या (गठ्ठा उचलण्याच्या आज्ञेच्या) लगेच खाली ‘एक्झिट व्हेन नॉटफाउंड’ लिहायचे. टेबलात २५० ओळी असल्या की फेच येतात १००, १०० आणि ५०. तिसऱ्या फेचला शंभर न भरल्याने नॉटफाउंड खरे ठरते, लूप सुटतो आणि शेवटच्या ५० ओळी जातात. एररही येत नाही. बाहेर पडण्याची अट कलेक्शनचा (उचललेल्या गठ्ठ्याचा) काउंट शून्य आहे का, यावरच ठेवावी.

मराठी नावांचा घोळ तर हातांनी करून पाहण्यासारखा आहे. जुन्या टेबलात नावाचा रकाना व्हारचार-टू (मजकुराचा प्रकार) २० ठेवा, नव्यात ६०, आणि ‘ज्ञानेश्वर’ भरा. वाचताना अक्षरे चार; लेंग्थ फंक्शन सांगते १०, कारण काना, मात्रा, हलंत सुटे मोजले जातात; आणि लेंग्थ-बी सांगते ३०, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. रकान्यातले २० हे मुळात बाइट असतात. म्हणून जुन्यात भरताना ओरा-१२८९९, म्हणजे मजकूर रकान्यात मावत नाही. उपाय म्हणजे ‘२० चार’ (CHAR, म्हणजे बाइट नव्हे, चिन्हे) असे स्पष्ट लिहिणे. हीच ओळ फोरऑलमध्ये आली तर काम तिथेच अडते. ‘सेव्ह एक्सेप्शन्स’ लावले तर बाकीच्या ओळी आत जातात आणि शेवटी काही ओळी चुकल्याचे सांगणारी ओरा-२४३८१ येते. मग बल्क एक्सेप्शन्समधून कितवी ओळ आणि कुठली चूक ते वाचता येते. तिथला एरर कोड उणे चिन्हाशिवाय साठवलेला असतो. कोडवरून एररचा मजकूर देणाऱ्या एसक्यूएल-एरर-एम ला देताना आपण उणे लावले नाही, तर भलताच मजकूर हाती येतो.

ताज्या सोयींपैकी २३एआयमध्ये टेबलाच्या रकान्याला बूलियन (खरे-खोटे) प्रकार मिळाला, म्हणजे हजेरीसाठी ‘वाय’ आणि ‘एन’ची कसरत संपली. ‘क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’ही आले, पण जपून: त्या नावाचे टेबल वेगळ्या रकान्यांसह आधीच असेल तर जुनीच रचना राहते आणि तक्रार काहीच येत नाही. फॉर लूपमध्ये ‘बाय ५०’ अशी पावले टाकायची सोय २१सीपासूनची. १९सीवर तो कोड कंपाइलच होणार नाही. म्हणून पहिली क्वेरी आवृत्ती सांगणाऱ्या व्ही-डॉलर-व्हर्जनवर. सरावाला ओरॅकलची ताजी मोफत आवृत्ती पुरते. तिची मर्यादा २ जीबी रॅम आणि १२ जीबी डेटा.

आणखी एक, सेशनमध्ये पीएलएसक्यूएल-वॉर्निंग्जला (कंपायलरच्या सूचनांना) ‘इनेबल ऑल’ करावे. बऱ्याच प्रयोगवह्यांत शेवटी ‘व्हेन अदर्स देन नल’ (कुठलीही चूक आली तरी काही करू नको) असते. कोड नुसता ब्लॉक न ठेवता प्रोसिजर म्हणून साठवला, तर त्यावर कंपायलर स्वतःच ०६००९ची सूचना देतो. वरच्या बहुतेक एरर त्या एका ओळीने झाकल्या जातात.

अभ्यासक्रम बदलायला वेळ लागतो, हे मान्य. पण तोंडी परीक्षेत ‘तोच रोल नंबर नव्या टेबलात दोनदा आला तर तुमचा प्रोग्राम काय करेल?’ एवढे विचारायला परीक्षकांना कुणाची परवानगी लागत नाही.

आपला,
एक डेटाबेस प्रोग्रामर, पुणे