ताई, ब्रेत्सेलच्या त्या पिशवीसाठी थँक्यू

प्रिय ताई,

रिसर्च पेपर छापून आला आणि शेवटच्या आभारात तुझ्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आली, पानांची मर्यादा होती म्हणून, पण मला ते तेव्हापासून खटकतंय. सहलेखक म्हणून नाव घालूया म्हटलं तर तू ऐकलंच नाहीस. म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

जुलै होता, पेपर पाठवायच्या डेडलाइनला दोन दिवस राहिलेले. आमच्या प्रोग्रामिंग भाषेचा दावा असा होता की प्रोग्राम टाइप-चेकमधून, म्हणजे चालवण्याआधीच्या तपासणीतून, पास झाला की वेगवेगळ्या मशीनवरच्या डेटाच्या कॉपी शेवटी एकसारख्या होणारच, आणि एकदा डिलीट केलेली नोंद परत उगवणार नाही. प्रूफ तीन पानी, दोन सीनियर लोकांनी वरवर चाळून ठीक वाटतंय म्हटलेलं. तू आमच्या ग्रुपमधली पण नव्हतीस, तुझं काम कंपायलरवरचं, तुझा स्वतःचा पेपर त्याच डेडलाइनला होता, तरी मी लॅबच्या किचनमध्ये "ताई, लेमा ४ जरा बघशील का" म्हटलं (लेमा म्हणजे प्रूफमधला एक छोटा टप्पा) आणि तू बसलीसच. ब्रेत्सेलची कागदी पिशवी फाडून उलटी केलीस, पेन्सिलने तीन उभ्या रेघा मारल्यास, तीन मशीन. अ, ब, क. अ ने एक नोंद टाकली, ती क ला पोचली, मग क चं नेट गेलं. अ ने नोंद डिलीट केली, ब ला कळवलं, ब चा होकार आला. आता तिघांपैकी दोघांना माहितेय म्हटल्यावर माझा नियम सांगत होता की डिलीटची खूण पुसून टाका, जागा वाचेल. मग तू क पासून अ कडे एक तिरकी रेघ ओढलीस आणि विचारलंस, "हा परत आला, याच्याकडे ती नोंद अजून आहे. ती जुनी आहे हे अ ला कोण सांगणार?"

कोणीच नाही. पॅक्सॉस, रॅफ्ट या अनेक मशीनचं एकमत करणाऱ्या पद्धतींमध्ये बहुमत पुरतं कारण कुठल्याही दोन बहुमतांत निदान एक मशीन सामायिक असतं आणि प्रत्येक निर्णय बहुमताला विचारूनच होतो. आमच्याकडे कोणीही दोघं परस्पर भेटून डेटा मर्ज करतात, तिथे बहुमताला विचारतंय कोण? मी तिकडची सवय इकडे आणली होती आणि लेमा ४ मध्ये ती "साहजिकच" या एका शब्दाखाली दडली होती.

डेडलाइन "पृथ्वीवर कुठेही" वाली, जगात कुठेतरी ती तारीख चालू असेपर्यंतची, म्हणजे जर्मनीत दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत वेळ होता, आणि माझ्या मनात आलं की पाठवून देऊ, रिव्ह्यूअरला कुठे दिसणारे. तू रागावली नाहीस. रॅफ्ट बनवणाऱ्यांपैकी एक, ओंगारो, त्याची गोष्ट सांगितलीस, की रॅफ्टवरच्या त्याच्या २०१४ च्या थिसिसमध्ये क्लस्टरमधली (एकत्र काम करणाऱ्या गटातली) मशीन एकेक करून बदलायच्या पद्धतीत बग निघाला आणि २०१५ मध्ये त्याने स्वतःच तो जाहीर केला, दुरुस्तीसकट. एकत्र एडिटिंगच्या जुन्या अल्गोरिदमचंही सांगितलंस, पेपरात प्रूफ छापलेलं आणि नंतर लोकांनी उलट उदाहरणं काढलेली. मी पेपर मागे घेतला. रात्री झोप नाही आली, पण लाज वाटायची थांबली होती, ते तुझ्यामुळे.

त्यानंतर सहा महिने दर गुरुवारी तू एक तास दिलास, हे मी कुठेच लिहू शकलो नव्हतो. आधी टीएलए प्लसमध्ये, म्हणजे सिस्टिमचं वागणं नेमकं मांडायच्या भाषेत, मॉडेल लिहायला लावलंस, तीन मशीन, एकच नोंद, आणि सगळ्या शक्यता तपासणाऱ्या तिच्या चेकरने तुझी पिशवीवरची गोष्ट जशीच्या तशी काढून दाखवली, सात पायऱ्यांत. मग नियम बदलला, खूण पुसायची ती सगळ्यांचा होकार आल्यावरच, ज्याचं नेट गेलंय त्याची वाट बघायची, जागा जास्त लागली तर लागू दे. त्यानंतर कुठे आयसाबेल या प्रूफ तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रूफ. तिथे "साहजिकच" लिहून चालत नाही, ती प्रत्येक पायरीचा हिशेब मागते, आणि मी वैतागलो की तू म्हणायचीस, "मागू दे, दे तिला."

अजून एक, तुझा पेपर त्या वेळी शेवटच्या तासात गेला होता ना, हे मला वर्षभराने दुसऱ्या कोणाकडून कळलं. तू बोलली नव्हतीस. खूप खूप थँक्यू ताई.

पिशवी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, लोण्याच्या डागासकट. थिसिसचा ड्राफ्ट काल तुला पाठवलाय, पाचव्या प्रकरणात नवा लेमा ४ आहे. पेन्सिल घेऊन वाच.

तुझा,
शेजारच्या लॅबमधला